लिहिलं शून्य, वाचलं एक

घरचा संगणक बिघडला की गोंदियात पहिलं औषध ठरलेलं असतं: फॉरमॅट मारा. दुकानदार डबा न उघडताच ते सांगतो, शेजारचा इंजिनीअरिंगला असलेला मुलगा सांगतो, आणि ज्यांनी उभ्या आयुष्यात माउसला हात लावला नाही असे गृहस्थही ‘व्हायरस होगा, फॉरमॅट मार दो’ म्हणत बशीतला चहा संपवतात. आमच्या बाजाराची भाषा हिंदी, त्यामुळे निदानही हिंदीतच होतं. या औषधाची ख्याती अगदीच खोटी नाही, हेच त्यातलं अवघड. फॉरमॅट मारलेलं यंत्र काही दिवस खरंच बरं चालतं. विंडोज नवी, प्रोग्रॅम मोजके, मेमरीवर भार कमी. त्यामुळे मेमरीतली जी जागा किडलेली असते तिथपर्यंत कुणी पोचतच नाही. मग हळूहळू घर भरत जातं, कुणीतरी नेमकं त्या जागेवर जाऊन बसतं, आणि निळा पडदा पुन्हा उभा राहतो. तोवर दुकानदाराचे पैसे देऊन झालेले असतात आणि मुलांचे लहानपणचे फोटो पुसून झालेले असतात.

आमचं यंत्र असेंबल्ड. मदरबोर्ड आणि प्रोसेसर नागपूरहून, सीताबर्डीच्या बाजारातून आणलेले, मॉनिटर इथलाच. रॅमची दोन जीबीची एक पट्टी मुळातली, तेवढीच दुसरी पुढे एका दुकानातून टाकून घेतलेली. डब्याला आम्ही सगळे सीपीयू म्हणतो. ते चूक आहे हे भाच्यानं पुष्कळदा सांगितलं. आता तोही सीपीयूच म्हणतो. तो डबा उघडला की आत फिकट तपकिरी थर दिसतो. राइस मिलांचं शहर आहे. वारा फिरला की कोंड्याची धूळ बंद खिडक्यांतूनही आत येते आणि पंखा जिथे हवा ओढतो तिथे जाऊन बसते. मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो, जुलैत भिंतींना ओल सुटते. संगणकाचा आराखडा काढणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गोंदिया कधी आलं नसणार.

या यंत्राकडे आमचं एकच मोलाचं काम होतं. माझी आत्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. गोंदिया जिल्हा वेगळा झाला १ मे १९९९ ला, पण पत्ता सांगताना ती अजून ‘जिल्हा भंडारा’ म्हणते. तिला लग्नाची गाणी येतात, हळदीपासून पाठवणीपर्यंतची. रोवणीच्या वेळी बांधीत वाकून म्हणायची येतात. भाचीनं ती आधी वहीत उतरवून घेतली, काही मोबाईलवर ध्वनिमुद्रित केली, आणि मग आम्ही दोघी आळीपाळीनं युनिकोड मराठीत टाइप करू लागलो. गाणी झाडीबोलीतली. त्या बोलीचा पद्धतशीर अभ्यास साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी केला आहे. आमचं काम त्या तोडीचं मुळीच नाही, घरगुती आहे. पण घरगुती कामालाही अक्षर न अक्षर जागेवर लागतंच.

बिघाड सुरू झाला तो असा की त्याला बिघाड म्हणावं की नाही हेच कळेना. यंत्र आठवडाभर गुणी बाळासारखं चालायचं आणि एका दुपारी आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं. कधी निळा पडदा, त्यावर इंग्रजीतली धमकी. कधी मेमरीचं नाव असलेली, कधी कुठल्या तरी ड्रायव्हरचं. पेनड्राइव्हवरून उतरवलेली झिप फाईल उघडायची नाही, तीच पुन्हा उतरवली की उघडायची. एका फोटोचा खालचा अर्धा भाग राखाडी झाला. विंडोज पुन्हा टाकायला गेलं की मधेच अडायची, आणि मौज अशी की दर वेळी निराळ्या फाईलवर. जाणकाराला या शेवटच्या लक्षणानंच जागं व्हायला हवं होतं. सीडी खराब असती तर ती दर वेळी एकाच जागी अडखळली असती. जागा बदलते याचा अर्थ खोट वाचल्या जाणाऱ्या वस्तूत नाही, वाचून जिथे ठेवलं जातं तिथे आहे.

पण दुकानात इतका विचार करायला वेळ नसतो. आधी व्हायरसवर आळ आला, मग एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या भागावर आला आणि तो बदलला गेला. हार्ड डिस्क म्हातारी झाली असं ठरलं. व्होल्टेज कमी-जास्त होतं म्हणून स्टॅबिलायझरला बोलणी बसली. घरातल्या मुलांवरही आळ आला, कारण गेम मुलंच खेळतात. मेमरी बिघडली की असंच होतं. हार्ड डिस्क बिघडली तर खडखडते, पंखा बिघडला तर घरघरतो, एसएमपीएस जळाला तर वास येतो. मेमरी गप्प असते. तिचं पाप नेहमी दुसऱ्याच्या नावावर पडतं, कारण प्रत्येक प्रोग्रॅम, प्रत्येक फाईल, प्रत्येक चित्र तिच्या हातून जातं, आणि कोलमडताना पडद्यावर नाव मात्र त्या प्रोग्रॅमचं दिसतं.

या सगळ्यात एक लक्षण असं होतं जे दुकानात कुणाला सांगायचं सुचलं नाही, कारण ते संगणकाचं वाटतच नव्हतं. गाण्यांच्या फाईलीत अधूनमधून परकी अक्षरं दिसू लागली होती. चांगल्या मराठी शब्दात मधेच एक बंगाली ‘न’. कुठे बंगाली ‘ल’. एके ठिकाणी ‘आ’ची मात्रा बंगाली झाली होती आणि कुठल्याच अक्षराला चिकटत नसल्यामुळे ठिपक्यांचं वर्तुळ काखेत घेऊन उभी होती. काही ठिकाणी ‘व’ असायचा तिथे नुसता रिकामा चौकोन. भाचीला वाटलं फॉन्ट खराब झाला. आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांच्या वसाहती आहेत, अरुणनगरचं नाव तर रेल्वे स्टेशनाच्या पाटीवर आहे. भाचा म्हणाला, ‘मावशी, अक्षरं अरुणनगरहून आली असतील.’ आम्ही हसलो आणि ती अक्षरं दुरुस्त केली. पुढे काही दिवसांनी दुसऱ्या पानावर दुसरी उगवली.

संगणकाची मेमरी म्हणजे काय, हे समजून घ्यायला एक माणूस पुरे आहे. अमेरिकेतल्या आयबीएम कंपनीत रॉबर्ट डेनार्ड नावाचे अभियंते होते. एक बिट साठवायला तोवर बरीच यंत्रणा लागायची. १९६६ साली त्यांना सुचलं की एक ट्रान्झिस्टर आणि विद्युतभार धरून ठेवणारा एक इवलासा कपॅसिटर एवढ्यावर भागेल. १९६८ साली पेटंट मिळालं, आणि आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक संगणकातली, मोबाईलमधली रॅम त्याच कल्पनेवर चालते. डेनार्ड २०२४ साली गेले; आपल्याकडे त्यांच्याबद्दल कुणी फारसं लिहिलं नाही. त्या कल्पनेत एक मूळचीच अडचण आहे: कपॅसिटर गळतो. उन्हाळ्यातल्या पाझरणाऱ्या माठासारखा तो सतत रिता होत असतो, म्हणून रिता होण्याआधी पुन्हा भरावा लागतो. आमच्या पट्ट्यांसारख्या मेमरीला ठरलेला नियम ६४ मिलिसेकंदांचा. म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा सगळी मेमरी स्वतःला वाचते आणि जे वाचलं तेच पुन्हा लिहून ठेवते. त्यातही वाचलं की भार सांडतो, म्हणून प्रत्येक वाचनाच्या पाठीला लेखन लागलेलंच. आपण समजतो की मेमरीत एखादी गोष्ट ठेवली की ती तिथे पडून राहते. तिथे पडून काहीच राहत नाही.

आणि गळती उष्णतेनं वाढते. चिपचं तापमान ८५ अंशांपुढे गेलं तर भरण्याचा वेग दुप्पट ठेवावा, असं या धंद्यातलं प्रमाणच आहे. जो कण निरोगी आहे तो हे सहज सोसतो. जो जन्मतःच थोडा अधिक गळका आहे तो डिसेंबरात ६४ मिलिसेकंद तग धरतो आणि मे महिन्याच्या दुपारी धरत नाही. आमचं यंत्र सकाळी शहाणं आणि दुपारी वेडं का व्हायचं, याचं उत्तर इथे होतं. दुकानात नेलं की ते नीट चालायचं, कारण दुकानात कूलर होता.

भाच्यानं मेमटेस्ट आणलं. ख्रिस ब्रॅडी यांनी १९९४ साली लिहायला घेतलेला हा प्रोग्रॅम; तेव्हापासून त्याची नवी-जुनी रूपं फुकट मिळत आली आहेत. विंडोजमध्येही मेमरी तपासायची सोय असते, पण तिचा हात हलका, थोडक्यात उरकते. मेमटेस्ट पेनड्राइव्हवरून थेट सुरू होतं, विंडोज उठायच्या आधी. हे आवश्यकच आहे, कारण विंडोज स्वतः मेमरीत राहते. राहत्या माणसांना न उठवता घराची फरशी कशी तपासणार? पण मग मला शंका आली की तपासणारा प्रोग्रॅमही कुठेतरी बसलेला असणारच की. तो बसतोच. तेवढी जागा तपासायची वेळ आली की तो स्वतःला उचलून दुसरीकडे नेतो, आणि आपण जिथे बसलो होतो तीच जागा तपासतो. चौकशी समित्यांना हे जमवता आलं असतं तर बरं झालं असतं.

सगळे सांगतात की ही चाचणी रात्रभर लावून झोपावं. भाच्यानं उलटं केलं. त्याचं म्हणणं, रोगी आजारी असताना तपासायचा. भर मे महिन्यात, दुपारी, खोलीचं दार लावून, कूलर बंद करून त्यानं ती सुरू केली आणि आम्ही शेजारच्या खोलीत आंब्याचं पन्हं पीत बसलो. वीज गेली. यूपीएसची बॅटरी काही मिनिटांत संपली आणि चाचणी पहिल्यापासून सुरू करावी लागली. असं होत राहिलं.

चाचणी काय करते ते पाहत बसण्यासारखं आहे. आधी सगळी मेमरी एका ठरावीक खुणेनं भरून टाकते. मग पहिल्या पत्त्यापासून निघून एकेक घर वाचते, खूण जशीच्या तशी आहे ना पाहते, आणि तिथे नेमकी उलटी खूण लिहीत पुढे सरकते. शेवटाला पोचली की माघारी फिरते: आता उलटी खूण वाचायची, सुलटी लिहायची. पुढे, मागे, पुन्हा पुढे. दर वेळी नव्या खुणेनं. हे पाहताना मला वेदपाठाचा घनपाठ आठवला. दोन पदं सरळ, तीच उलट, मग तिसरं धरून सरळ, पुन्हा तिन्ही उलट, पुन्हा सरळ. लहानपणी एका मौंजीत ऐकला होता आणि या लोकांना पुढचं आठवत नाही की काय असं वाटलं होतं. कागदाविना हजारो वर्षं शब्द जसाच्या तसा न्यायचा तर सरळ म्हणून भागत नाही. सरळ म्हणताना शेजारी शेजाऱ्याच्या आधारानं निभावून जातो. उलट म्हटलं की प्रत्येकाला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं. मेमरीच्या कणांचंही तेच आहे. काही कण एकटे असताना निर्दोष असतात; शेजारचा बदलला की हलतात. २०१४ साली संशोधकांनी तर दाखवून दिलं की एकाच ओळीला पुन्हा पुन्हा ठोठावत राहिलं तर शेजारच्या ओळीतले बिट उलटतात, आणि हे एकट्या-दुकट्या बिघडलेल्या पट्टीतच होतं असंही नाही. ती ठोठावण्याची चाचणीही आता मेमटेस्टमध्ये असते.

लाल ओळी उमटल्या त्या उन्हं कलायच्या आधी. निळ्या पडद्यावर एक, मग चार, मग ओळीनं. प्रत्येक ओळीत पत्ता, तिथे काय लिहिलं होतं, काय वाचलं गेलं, आणि त्यातला नेमका कोणता बिट चुकला. पत्ते वेगवेगळे होते. चुकणारा बिट मात्र सगळीकडे एकच, आणि चुकायची तऱ्हाही एकच: लिहिलं शून्य, वाचलं एक. उलट कधीच नाही. दोन जीबीच्या पट्टीत सुमारे १,७१८ कोटी बिट असतात, पृथ्वीवरच्या माणसांच्या दुपटीहून जास्त. त्यातली मूठभर घरं, एकाच गल्लीतली, बोट ठेवून दाखवता येत होती. इतके दिवस घरात जी संशयाची हवा होती ती त्या लाल रंगानं एका क्षणात साफ झाली. हार्ड डिस्क सुटली, मुलं सुटली, स्टॅबिलायझर सुटला. निदानात गुन्हेगार सापडतो म्हणून आपण खूश होतो. मला तरी त्या संध्याकाळी सुटलेल्यांचा आनंद अधिक झाला. बिचारा जुना एसएमपीएस तेवढा भंगारात गेला होता.

दोन पट्ट्यांपैकी कोणती, हे पडदा सांगत नाही. दोन्ही मिळून काम करत असल्या की पत्ते दोघींत वाटलेले असतात. मग हातानंच शोधायचं: यंत्र बंद, वायर काढलेली, एक पट्टी बाहेर, चाचणी, दुसरी बाहेर, चाचणी. नंतर दोषी वाटणारी पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पुन्हा, म्हणजे दोष स्लॉटचा की पट्टीचा ते कळतं. मधे भाच्यानं पट्टीचे सोनेरी दात खोडरबरानं घासले. या उपायाला इंजिनीअर हसतात, पण आमच्याकडच्या पावसाळ्यानंतर निम्म्या तक्रारी त्यानंच जातात; दातांवर चढलेला मळ निघतो आणि संपर्क पुन्हा बसतो. इथे तो उपाय लागू पडला नाही. दोष पट्टीच्या मागे मागे दुसऱ्या स्लॉटमध्ये गेला. नंतर टाकून घेतलेली ती पट्टी. दुसरी, मुळातली, तासन्‌तास स्वच्छ निघाली, तरी भाचा तिला निर्दोष म्हणेना. म्हणाला, ‘अजून पकडली गेली नाही, एवढंच.’ त्याचं बरोबर आहे. एक लाल ओळ पुरावा असतो. लाल ओळ न दिसणं हा पुरावा नसतो.

आता बंगाली अक्षरांकडे. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला क्रमांक आहे. देवनागरी ‘क’ २३२५ वर बसतो. देवनागरीला सलग १२८ जागा दिल्या आहेत आणि तिच्या लगेच पुढच्या १२८ बंगालीला. शिवाय भारतीय लिप्यांची मांडणी आपल्याच जुन्या इस्की प्रमाणावरून उचललेली, म्हणून दोन्हीकडे अक्षरांचा क्रम सारखा: देवनागरी ‘क’मध्ये १२८ मिळवले की २४५३, तो बंगाली ‘क’. ‘न’चा बंगाली ‘न’, ‘ल’चा बंगाली ‘ल’. बंगालीत ‘व’ची ती जागा रिकामी ठेवली आहे, म्हणून तिथे चौकोन. मेमटेस्टनं दाखवलेला चुकणारा बिट नेमका १२८ किमतीचा होता. शून्याचा एक झाला की १२८ वाढतात, आणि उघड्या फाईलीतलं जे अक्षर त्या घरात बसलेलं असेल ते तेवढ्या क्षणी लिपी बदलतं. मग आपण फाईल सेव्ह करतो आणि चूक कायमची होते. मराठी कळफलकावरून बंगाली अक्षर टाइप करणं शक्यच नाही. म्हणजे ती अक्षरं पहिल्या दिवसापासून सही केलेली कबुली होती. आम्ही ती नीटनेटकी पुसत होतो.

असं जगभर होतं, आणि त्याची सर्वांत गमतीची नोंद बेल्जियममधली आहे. २००३ च्या मे महिन्यात ब्रुसेल्सच्या स्खारबेक भागात मतदान संगणकावर झालं, आणि एका उमेदवाराला ४,०९६ मतं जास्त पडली. तिच्या पक्षाच्या यादीला पडू शकतील त्याहून तिची मतं अधिक झाली म्हणून तर ते उघडकीला आलं. ४,०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात. एकच बिट उलटला की नेमकी एवढीच भर पडते. प्रोग्रॅममध्ये दोष सापडला नाही. अवकाशातून येणारा एखादा कण आदळून बिट उलटला असावा, असं मानलं जातं. अशा कणांची भीती खोटी नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीला इंटेलच्या टिमोथी मे आणि मरी वूड्स यांनी दाखवलं होतं की चिपच्या वेष्टनातल्या सिरॅमिकमध्ये युरेनियम-थोरियमचे जे सूक्ष्म अंश असतात, त्यांतून निघणारे अल्फा कणही बिट उलटवू शकतात. पण आकाशाला बोल लावण्याआधी पट्टीकडे बघावं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गूगलच्या सर्व्हरांवरच्या अडीच वर्षांच्या नोंदी तपासल्या होत्या. दर वर्षी आठ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत निदान एक तरी चूक आढळली, आणि त्यातल्या बऱ्याचशा योगायोगाच्या नव्हत्या, पट्टीतच मुरलेल्या होत्या. तापमानाचा परिणाम मात्र तिथे फारसा दिसला नाही. त्यांच्या खोल्या वातानुकूलित. त्यांनी एक मे महिना गोंदियात काढायला हवा होता.

गूगलला हे मोजता आलं याचं कारण त्यांच्या यंत्रांत चूक ओळखून सुधारणारी मेमरी असते. बेल प्रयोगशाळेतल्या रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली तिचं गणित मांडलं: काही जास्तीचे बिट बरोबर ठेवले तर एखादा बिट उलटला हे नुसतं कळतं असं नाही, कोणता ते कळून तो परत सुलटाही करता येतो. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीत निदान चूक ओळखण्याची तरी सोय होती. आठ बिटांमागे नववा पहारेकरी असायचा आणि हिशेब जुळला नाही की यंत्र तिथल्या तिथे थांबायचं. पुढे किमतीच्या चढाओढीत घरगुती यंत्रांतून हा नववा बिट काढून टाकला गेला. बँकेच्या सर्व्हरला पहारा, आणि मिलचा हिशेब, पोरांचे प्रकल्प, आत्याची गाणी ठेवणाऱ्या यंत्राला नाही. मला ही काटकसर कधीच पटलेली नाही. थांबणारं यंत्र परवडतं. न थांबता चुकीचं सांगत राहणारं यंत्र फार महागात पडतं.

आत्याच्या गाण्यांना मात्र तो पहारा होता. एक बाई ओळ म्हणते, बाकीच्या ती झेलून परत म्हणतात. म्हणणारीचा शब्द घसरला तर झेलणाऱ्या चौघी तो घसरू देत नाहीत. तिला एकटीला बसवून म्हणायला सांगितलं तेव्हा ती दोन-तीनदा अडली होती, ते त्यामुळेच.

पट्टी बदलल्यावर खरं काम उरलं होतं, आणि ते कुठल्याही दुकानात होण्यासारखं नव्हतं. बिघडलेल्या मेमरीतून गेलेली प्रत्येक फाईल संशयित होती. आणि नियमानं बॅकअप घेण्याच्या चांगल्या सवयीमुळे चुकाही नियमानं पेनड्राइव्हवर जाऊन बसल्या होत्या. फोटो होते तसे राहू दिले. गाणी मात्र वहीशी, आणि जिथे होतं तिथे ध्वनिमुद्रणाशी, ओळ न ओळ ताडून पाहिली. बंगाली अक्षरं शोधणं सोपं होतं, शोधखिडकीत त्या जागेचे क्रमांक दिले की झालं. बाकीच्या चुका साध्या, माणसांच्या: वेलांटी, अनुस्वार, एखादी ओळ दोनदा.

आणि एक शब्द. पाठवणीच्या गाण्यात बाप काय देतो ते सांगणारी जागा आहे. वहीत स्वच्छ ‘धान’ आहे. फाईलीत ‘दान’. लग्नाचं गाणं, तेव्हा दान बसतंच. कन्यादानावाचून लग्न नाही. आणि हा भाताचा मुलूख, इथे बाप आणखी काय देणार, धानच देणार. दोन्ही शब्द चालीत सारखेच बसतात.

पहिला संशय अर्थातच पट्टीवर गेला. ‘ध’चा क्रमांक २३४३, ‘द’चा २३४२; मधे एका बिटाचं अंतर. पण भाच्यानं चाचणीच्या पडद्याचा फोटो काढून ठेवला होता. पट्टीचा दोष १२८ च्या बिटात, हा बदल एकच्या बिटात. पट्टी शून्याचा एक करायची. ‘ध’चा ‘द’ व्हायला एकाचं शून्य व्हावं लागतं. दोन्ही बाजूंनी जुळत नाही. आम्हाला इतका मनस्ताप देणारी ती पट्टी या एका आरोपातून निर्दोष सुटली.

मग कळफलक. मराठी इनस्क्रिप्टमध्ये ‘द’ आणि ‘ध’ एकाच बटणावर आहेत. शिफ्ट दाबला तर ‘ध’, नाही तर ‘द’. आम्हा दोघींपैकी कुणाचंही बोट शिफ्टवरून निसटलेलं असू शकतं. ते पान कुणी टाइप केलं हे भाचीला आठवत नाही आणि मलाही नाही. पण मोबाईलवर त्या गाण्याची दोन ध्वनिमुद्रणं निघाली, निराळ्या वेळची, आणि एकात आत्या नि:शंक ‘धान’ म्हणते, दुसऱ्यात तितक्याच नि:शंकपणे ‘दान’. तेव्हा टाइप करणारीनं वही पाहिली नसेल, ऐकून लिहिलं असेल, असंही असू शकतं.

आत्याला फोन लावला. तिनं आधी घरातल्या सगळ्यांची खुशाली घेतली, परे टाकले की नाही ते सांगितलं, मग प्रश्न ऐकून घेतला आणि म्हणाली, ‘धान मनलं काय न् दान मनलं काय, लगन तं लागलं ना!’ मी पुन्हा विचारलं, तुझी आई काय म्हणायची? त्यावर तिनं ती ओळ फोनवरच म्हणून दाखवली. मी स्पीकर लावला होता. भाचीनं ऐकलं ‘धान’, भाच्यानं ‘दान’.

ती जुनी पट्टी टाकून दिली नाही. भाच्यानं एका मोडक्या यंत्रात लिनक्स टाकलं आणि सुरुवातीलाच त्याला सांगून ठेवलं की एवढे एवढे पत्ते वापरायचे नाहीत. ते सोडून बाकीच्या जागेत ते आज बरं चालतं आहे. गाण्यांच्या फाईलीत मी ‘धान / दान’ असं तिरकी रेघ देऊन ठेवलं आहे. पुढेमागे छापायचं झालं तर कुणीतरी त्यातलं एकच ठेवा म्हणेल, आणि ‘दान’ ठेवा म्हणेल, कारण ते पुस्तकी वाटतं. तेव्हा भांडायचं आहे.